पोट भरलेलं असतानाही हात डब्याकडे का जातो? भावनिक खाणं आणि उतरून टिकणारं वजन

संध्याकाळी आठच्या सुमारास विरार फास्ट वसई रोडला थांबते आणि डब्यातली गर्दी फलाटावर सांडते. पुलावरून बाहेर पडलं की होळी, पारनाक्याकडे जाणाऱ्या रिक्षा आणि बस. त्यांच्या अलीकडे गरम तेलात पडणारा बटाटेवडा. पंचेचाळीशीतली एखादी बाई तिथे दोन मिनिटं थांबते. चार वाजता ऑफिसात चहा-बिस्किटं झालेली असतात, म्हणजे पोट रिकामं नसतं. पण साहेबांचे शब्द अजून कानात असतात, बोरिवलीपर्यंत उभं राहून पाय भरून आलेले असतात आणि घरी गेल्यावर स्वयंपाक व्हायचाच असतो. ती एक वडापाव घेते. घरी नेहमीचं जेवण होतं. रात्री अकराला सगळे झोपल्यावर ओट्याशी उभ्यानेच चिवड्याचा डबा उघडला जातो. आणि झोपताना ठरतं, 'उद्यापासून डाएट.'

हे चित्र एका बाईचं किंवा एका गावाचं नाही. पुरुष, विद्यार्थी, निवृत्त माणसं, घरून काम करणारे, सगळ्यांच्या घरात या डब्याचं काही ना काही रूप असतं. त्याला मानसशास्त्रात 'भावनिक खाणं' म्हणतात. वजन कमी करण्याच्या बहुतेक चर्चांत काय खावं आणि किती खावं हे असतं, पण 'का खाल्लं' हा प्रश्न विचारलाच जात नाही. उतरलेलं वजन परत येण्याची अर्धी गोष्ट त्या प्रश्नात दडलेली असते.

भावनिक खाणं म्हणजे नेमकं काय?

शरीराला ऊर्जा हवी म्हणून नव्हे, तर ताण, राग, कंटाळा, एकटेपणा, दुःख किंवा थकवा शमवण्यासाठी खाणं म्हणजे भावनिक खाणं. आनंदातही ते होतं. निकाल लागला, पगार झाला, मॅच जिंकली की पार्टी हवीच.

हा आजार नाही. परीक्षेनंतर आईस्क्रीम खाणं किंवा पावसात भजी तळणं यात काहीही बिघडलेलं नाही. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा मन हलकं करण्याचा खाणं हा एकमेव मार्ग उरतो आणि खाल्ल्यानंतर दिलाशाऐवजी अपराधीपणा येतो. त्या अपराधीपणाचा पुन्हा ताण होतो आणि ताण पुन्हा डब्याकडे नेतो.

पोटाची भूक आणि मनाची भूक कशी ओळखावी?

दोन्हींमध्ये काही ठळक फरक असतात.

• पोटाची भूक हळूहळू वाढते. मनाची भूक एकदम येते आणि 'आत्ताच हवं' म्हणते.
• पोटाच्या भुकेला भाजी-भाकरी, वरण-भात काहीही चालतं. मनाच्या भुकेला ठरावीक पदार्थ लागतो: फरसाण, चॉकलेट, वेफर्स, वडापाव.
• पोटाची भूक पोट भरलं की थांबते. मनाची भूक पाकीट संपलं की थांबते.
• पोटाच्या भुकेनंतर तृप्ती येते. मनाच्या भुकेनंतर बऱ्याचदा चरफड.

सोपी कसोटी अशी की त्या क्षणी समोर साधी पोळी-भाजी असती तर खाल्ली असती का? उत्तर 'हो' असेल तर ती खरी भूक आहे आणि जेवायलाच हवं. उत्तर 'नाही, मला तेच हवंय' असेल तर हवं आहे ते बहुधा दुसरंच काहीतरी.

अर्थात दोन्ही भुका एकत्रही येतात. दुपारी डबा नीट न खाल्लेला माणूस संध्याकाळी चिडलेला असेल, तर त्याला भूकही असते आणि रागही. म्हणूनच जेवण चुकवणाऱ्यांना मनाची भूक ओळखणं जास्त कठीण जातं.

ही सवय लागते कुठून?

पहिलं कारण शरीरातलं. ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. ताण थोड्या वेळाचा असेल तर अनेकांची भूक उलट मरते. पण तो दिवसचे दिवस चालला, तर कॉर्टिसॉल भूक वाढवतं आणि गोड-तेलकट पदार्थांची ओढ निर्माण करतं. असे पदार्थ खाल्ल्यावर मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा जागी होते. 'वाईट वाटलं, खाल्लं, बरं वाटलं' ही साखळी मेंदू लक्षात ठेवतो. शंभरदा तेच झालं की विचार करावाच लागत नाही, हात आपोआप जातो.

दुसरं कारण झोप. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं. दहा तास मिळालेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांच्यात भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं होतं. पहाटेची लोकल पकडणाऱ्या आणि रात्री उशिरा झोपणाऱ्या माणसाची भूक त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या घड्याळावर जास्त अवलंबून असू शकते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचं. रोज जाऊन-येऊन तीन तास प्रवासात गेले की ते बहुतेक वेळा झोपेतून आणि व्यायामातूनच कापले जातात.

तिसरं कारण लहानपणातलं. मूळच्या जर्मनीच्या आणि अमेरिकेत काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी मांडलं होतं की, मूल कशासाठीही रडलं तरी त्याला खायलाच दिलं गेलं, तर भूक, भीती आणि कंटाळा यांतला फरक त्याला नीट शिकता येत नाही. पडून गुडघा फुटला तर चॉकलेट, शहाण्यासारखं वागलं तर चॉकलेट, रुसलं तर चॉकलेट. मोठेपणी तीच भाषा उरते.

खाल्ल्याने खरंच बरं वाटतं का?

वाटतं, पण त्याचं श्रेय खाण्याला द्यावं का, हा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली याची तपासणी प्रसिद्ध केली. लोकांना उदास करणारी दृश्यं दाखवली. मग काहींना त्यांचा लाडका 'दिलाशाचा' पदार्थ दिला, काहींना दुसरा आवडता पदार्थ, काहींना साधा पदार्थ आणि काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांची मनःस्थिती सारखीच सुधारली. काहीच न मिळालेल्यांचीसुद्धा.

म्हणजे वाईट वाटणं बऱ्याचदा आपणहून ओसरतं. आपण मात्र त्या वेळी खात असतो, म्हणून श्रेय चिवड्याला जातं.

'एकादशी, दुप्पट खाशी'

मराठीतली ही म्हण डाएटच्या मानसशास्त्राचं सार सांगते. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना आधी मिल्कशेक दिला आणि मग 'चव कशी आहे ते सांगा' म्हणून हवं तेवढं आईस्क्रीम समोर ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं. सतत डाएटचा विचार करणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं.

कारण त्यांच्या डोक्यातला नियम मिल्कशेकनेच मोडला होता. 'आजचा दिवस तर गेलाच, मग आता काय!' असा तो विचार. एक लाडू खाल्ल्याने वजन वाढत नाही, पण 'आता मोडलंच आहे' म्हणून त्यामागून खाल्लेल्या पाच लाडवांनी वाढतं.

धार्मिक उपवास आणि डाएट यांत इथे एक फरक दिसतो. वसईत हिंदू घरांत चतुर्थी-एकादशी असते, ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीचा उपवासकाळ असतो, मुस्लिम घरांत रमजान. या उपवासांना सुरुवात, शेवट आणि अर्थ असतो, आणि सोबत माणसं असतात. डाएटचा उपवास बहुतेकदा एकट्याचा, शेवट न ठरलेला आणि स्वतःवरच्या रागातून सुरू झालेला असतो. तो मोडला की माणूस स्वतःलाच दोष देतो. आणि धार्मिक उपवासातही साबुदाणा खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू जमले की म्हण खरी ठरतेच.

उतरलेलं वजन परत का येतं?

'जिद्द कमी पडली' हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. शरीराचं म्हणणं वेगळं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण एक चतुर्थांशाने घटलं. पण ही निरोगी, धडधाकट मुलं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. बंधन उठल्यावर काहींना भरपूर जेवूनही पोट भरल्यासारखं वाटेना. यांच्यातलं कोणीही आधी 'खादाड' नव्हतं. उपासमारीने त्यांना तसं केलं.

ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० जणांनी अत्यंत कमी उष्मांकाच्या आहारावर दहा आठवडे काढले. एक वर्षानंतरही त्यांची भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच होती. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका प्रसिद्ध टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ किलो परत आले होते. आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

शरीराला आरशाची काळजी नसते, दुष्काळाची असते. झपाट्याने उतरणारं वजन त्याला दुष्काळासारखं दिसतं आणि ते बचतीला लागतं. त्यात मनाची भूक तशीच असेल, तर परतीचा रस्ता आणखी सोपा होतो.

हाच मुद्दा नव्या औषधांनाही लागू आहे. २०२५ साली भारतात मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं आली. ती भूक खरोखर कमी करतात आणि अनेक रुग्णांना त्यांची गरजही असते. पण वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या चाचणीत, ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लांबच्या उपचारांचा भाग म्हणून घ्यायची असतात. लग्नाआधीच्या दोन महिन्यांसाठी नव्हे.

दोनदा जेवावं की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा वाद होऊन गेला आहे. एका बाजूला डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर उभी असलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेली, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत. दुसऱ्या बाजूला थोड्या थोड्या वेळाने, घरचं आणि हंगामी खाण्याचा ऋजुता दिवेकर यांचा आग्रह. दोन्हीकडे वजन उतरलेले लोक आहेत आणि दोन्हीकडे काही महिन्यांनी सोडून दिलेलेही.

परदेशात असाच वाद कमी चरबी आणि कमी कर्बोदकांच्या आहारावरून चालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वजन एका गटात ५.३ किलोने घटलं, दुसऱ्यात ६ किलोने. फरक नगण्य. पण दोन्ही गटांत काहींचं वजन भरपूर उतरलं आणि काहींचं वाढलं.

थोडक्यात, पद्धत कोणती यापेक्षा ती स्वतःच्या कामाच्या वेळा, घर आणि मन यांत बसते का, हे महत्त्वाचं. मासळी बाजारात पहाटे उभी राहणारी कोळीण आणि रात्रपाळीचा सुरक्षा रक्षक यांना एकच तक्ता कसा चालेल? मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नयेत.

मग उपयोग कशाचा होतो?

आधी नोंद, मग बदल. दोन आठवडे फक्त चार गोष्टी लिहाव्यात: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, भूक किती होती आणि मनात काय चाललं होतं. कॅलरी मोजायच्या नाहीत. बहुतेकांना आठवड्याभरात नमुना दिसतो: 'मी मंगळवारच्या मीटिंगनंतरच खाते', 'भांडण झालं की फ्रिज उघडतो'.

दहा मिनिटांची मुदत. खाण्याची ऊर्मी भरतीसारखी असते. चढते, टोकाला जाते आणि ओसरते. 'खायचंच नाही' म्हणण्याऐवजी 'दहा मिनिटांनी खाईन' म्हणावं. त्या वेळात पाणी प्यावं, गच्चीत जावं, कुणाला फोन करावा. दहा मिनिटांनीही हवंसं वाटलं तर बशीत काढून, बसून, चवीने खावं. डब्यातून उभ्याने नाही.

'जर-तर' आधीच ठरवणं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं की 'मी कमी खाईन' असा मोघम निश्चय फारसा टिकत नाही. प्रसंग आणि कृती जोडून ठरवलेलं जास्त टिकतं. 'गाडीतून उतरल्यावर भूक लागली, तर पिशवीतलं केळं किंवा चणे खाईन.' वसईकरांना तर सुकेळी माहीत असतेच. गोड आहे, म्हणून एखादीच, पण पिशवीत राहते.

दुपारचं जेवण पोटभर. संध्याकाळचा हल्ला बऱ्याचदा दुपारच्या अर्ध्या डब्यातून येतो. डाळ, उसळ, अंडं, मासळी, दही यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावं.

भावनेला तिचं स्वतःचं उत्तर. थकव्याचं उत्तर विश्रांती, एकटेपणाचं उत्तर माणूस, रागाचं उत्तर बोलणं. घरातल्या बाईला संध्याकाळी अर्धा तास कुणी काही मागितलं नाही, तर कदाचित चिवड्याचा डबा तसाच राहील. हा बदल एकटीने करायचा नसतो, घराने करायचा असतो.

घसरल्यावर स्वतःशी बरं बोलणं. २००७ सालच्या एका अभ्यासात डाएटचा विचार करणाऱ्या तरुणींना डोनट खायला दिला. 'सगळेच कधी ना कधी असं खातात, स्वतःला फार दोष देऊ नका' एवढं ज्यांना सांगितलं, त्यांनी नंतर समोर ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. स्वतःला झोडपल्याने शिस्त येते, हा समज इथे खोटा ठरतो.

वेळ द्यावा. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८, तर काहींना त्याहून कितीतरी जास्त. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही.

अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान १३.६ किलो वजन उतरवून किमान वर्षभर टिकवलं. त्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, पण काही गोष्टी वारंवार दिसतात. बहुतेक जण रोज साधारण तासभर हालचाल करतात, मुख्यतः चालतात. नियमित वजन पाहतात. टीव्हीसमोर कमी बसतात. आणि सुट्टीतही खाण्याची घडी फार मोडत नाहीत. होळीच्या आसपास राहणाऱ्याला त्यासाठी जिम लागत नाही. वसईचा किल्ला आहे, सुरूची बाग आहे, वाड्यांमधले रस्ते आहेत. ज्यांच्याकडे सलग तास नाही त्यांनी दहा-दहा मिनिटं जोडली तरी चालतात.

पुरणपोळी आणि आग्रह

'माझ्या हातची एक तरी खा.' या वाक्यात प्रेम असतं, म्हणून नाही म्हणणं जड जातं. सणाची पुरणपोळी सोडण्याची गरज नाही. वर्षातल्या दहा-पंधरा सणांनी वजन वाढत नाही. सणानंतर आठ दिवस उरलेल्या डब्यांनी आणि 'आता पुढच्या महिन्यापासून' या पुढे ढकलण्याने वाढतं. आवडीची एक पोळी तूप घालून, भुकेने, सगळ्यांसोबत खावी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटाकडे परतावं.

आग्रह करणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावं. वाढताना 'खा गं' आणि पाठ फिरल्यावर 'किती सुटली आहे' असं एकाच तोंडाने म्हणू नये. वजनावरून टोमणे मारल्याने वजन उतरत नाही. टोमणे हाच अनेकांच्या खाण्यामागचा ताण असतो.

किती वजन उतरणं पुरेसं?

भारतीयांसाठी मोजमाप थोडं वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय शरीर जगासमोर मांडलं. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून भारतीयांत २३ च्या पुढचा बीएमआय जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

ध्येय मात्र छोटं ठेवलेलं बरं. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाबावर फरक पडतो. ८० किलोच्या माणसासाठी ते ४ ते ८ किलो. आणि काट्यावर काहीच हललं नाही तरी मेहनत वाया जात नाही. चेन्नईतल्या २००६ सालच्या भारतीय अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणं आणि आहार बदलला. त्यांचं वजन फारसं घटलं नाही, तरीही मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं.

मदत कधी घ्यावी?

आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा, तीन महिन्यांहून अधिक काळ, थोड्या वेळात खूप मोठ्या प्रमाणात खाल्लं जात असेल, थांबता येत नसेल आणि ते लपवावं लागत असेल, तर तो अतिभक्षणाचा विकार असू शकतो. खाऊन मुद्दाम उलटी करणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं हेही धोक्याचं लक्षण. यावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन बदलणारी सीबीटी ही समुपदेशन पद्धत त्यात उपयोगी ठरते.

वजन अचानक वाढलं असेल तर थायरॉइड, पीसीओएस आणि चालू असलेली औषधं यांची तपासणी करून घ्यावी. सतत उदास वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

वसई रोडच्या पुलाखालचा वडा उद्याही तळला जाईल आणि तो कधीतरी खाल्लाही जाईल. फरक एवढाच पडू शकतो की तो घेण्याआधी ती बाई क्षणभर थांबून स्वतःला विचारेल, 'भूक लागली आहे, की दमले आहे?' भूक असेल तर खावं. दमली असेल तर घरी जाऊन आधी दहा मिनिटं बसावं, आणि कुकर दुसऱ्या कुणीतरी लावावा.